बांध एक, शेतं अनेक

पेण तालुक्यात गडब गाव आहे. त्या भागातून अंबा नदी वाहते. पुढे ती धरमतरच्या खाडीला मिळते. समुद्राला भरती आली, की खारं पाणी खाडीतून आत चढतं. इथली पुष्कळ भातशेती भरतीच्या पाण्याहून खाली आहे. मग तिथं भात पिकतं कसं?

बांधामुळे. खाडीच्या कडेनं मातीचा लांब बांध असतो. बांधाला उघाडी असते. उघाडी म्हणजे पाण्याचं दार. ओहोटीला दार उघडतं, पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीला दार मिटतं, खारं पाणी बाहेर राहतं.

आता बघा. शेतं अनेकांची, पण बांध एकच. खेकडा बांधात बीळ करतो. ते आपल्या शेतासमोर नाही, म्हणून आपण गप्प बसलो तर? उधाणाचं पाणी त्या बिळात शिरतं. बीळ मोठं होतं आणि बांध फुटतो. याला खांड पडली म्हणतात. आत आलेलं पाणी शेत कुणाचं ते विचारीत नाही. मीठ जमिनीत मुरतं. ते धुऊन जायला पुढचे काही पावसाळे लागतात.

म्हणून पूर्वी शेतकरी एकजुटीनं बांध राखीत. याला जोळ म्हणत. सगळे मिळून चिखल टाकून खांड बुजवीत. हा नुसता दयाधर्म नव्हता. शेजाऱ्याचं भात वाचलं, तरच आपलं वाचे.

मग चढाओढ वाईट का? तसं नाही. कुणाचं भात जास्त पिकतं, कोण जास्त चिखल टाकतो, ही चढाओढ चांगली. पण मासळीच्या लोभानं कुणी अवेळी उघाडी उघडली, तर? फायदा एकाचा, तोटा साऱ्यांचा.

युरोपात हॉलंड देशातही अशीच सखल जमीन आहे. तिथल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी बांध राखायला मंडळं नेमली. ती आजही चालतात.

आपल्याकडे १९४८ साली खारजमिनीचा कायदा झाला. १९७९ साली खारभूमी विकासाचा नवा कायदा आला. पुष्कळ बांधांचं काम सरकारकडे गेलं. मोठा खर्च सरकारला झेपतो, हे खरं. पण बीळ लहान असताना ते कुणाला दिसतं? रोज बांधावरून जाणाऱ्याला. त्यानं तेव्हाच चार पाट्या चिखल टाकला, तर खांड पडतच नाही.

गाव करी ते राव न करी, असं म्हणतात ते याचसाठी.