गांवचें पाणी आणि गांवचा हिशेब

तहान लागल्यावर विहीर खणूं नये, असें आपले वडील सांगत आले. हा उपदेश सर्वांस ठाऊक आहे. तथापि विहीर खणली म्हणजे काम संपलें, ही समजूत अद्याप पुष्कळांच्या मनांत आहे. खणलेली विहीर राखावी कशी, याचा विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडावा, या हेतूनें आम्ही हे चार शब्द लिहीत आहों.

प्रथम विहिरीस पाणी येतें कोठून, तें पाहूं. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. हा पाषाण जात्या घट्ट असल्यामुळें पाणी सांठतें तें त्याच्या फटींत व वरच्या मुरमांत. पावसाचें जेवढें पाणी जमिनींत मुरतें, तेवढीच आपली ठेव. आपण विहिरीस कठडा बांधून ‘ही माझी’ म्हणतों. परंतु कठडा वरच असतो, खालीं भिंत नसते. शेजाऱ्यानें खोल विंधनविहीर घेऊन रात्रंदिवस पंप चालविला, तर आपल्या विहिरीची पातळी उतरूं शकते. मग आपण त्याहून खोल जातों, आणि तो आपणांहून. या चढाओढींत अखेर गांवची सार्वजनिक विहीर आटते, व ज्यांस शेत नाहीं, पंप नाहीं, अशा घरांतील बायकामुलींस हंडा घेऊन दूर जावें लागतें. जिची सकाळ हंड्यामागें जाते, ती मुलगी शाळेंत वेळेवर यावी कशी?

येथें एक गणित सोडवून पाहावें. गांवची वस्ती १,००० धरूं. दरमाणशीं दररोज ५५ लिटर पाणी मिळावें, हें २०१९ सालच्या जलजीवन मोहिमेंत ठरविलेलें माप. म्हणजे दिवसास ५५,००० लिटर, व उन्हाळ्याच्या १२० दिवसांस ६६ लक्ष लिटर. आतां एक एकर ऊस घ्या. या पिकास सर्व मिळून सुमारें २ मीटर उंचीचें पाणी लागतें असें धरलें, तर एकराच्या सुमारें ४,००० चौरस मीटर जमिनीवर तें ८० लक्ष लिटर भरतें. एक एकर ऊस अवघ्या गांवाच्या उन्हाळ्यापेक्षां अधिक पाणी पितो! यांत ऊस लावणाऱ्यास दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. सर्वांनीं एकत्र बसून हिशेब केला नाहीं, हाच खरा दोष होय.

असा हिशेब करणारें एक गांव आपल्याच महाराष्ट्रांत आहे. अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें पर्जन्यछायेंतलें गांव. पाऊस वर्षास सरासरी सुमारें ४०० मिलिमीटर. एके काळीं पाण्यावांचून येथील कित्येक कुटुंबें गांव सोडून गेलीं. १९८९ च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले, व लोकांनीं श्रमदानानें डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडें लाविलीं. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. पाणी वाढलें, तेव्हां तें उधळूं नये म्हणून शेतीसाठीं विंधनविहीर घेण्यास गांवानेंच मनाई केली. पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती, हें मोजून ग्रामसभेंत ताळेबंद मांडितात. प्रथम माणसांचें व गुरांचें पिण्याचें पाणी बाजूस काढितात, आणि उरेल त्यावर पिकें ठरवितात. श्री. पवार यांस २०२० सालीं पद्मश्री मिळाली. परंतु नियम पाळणारे ग्रामस्थच त्या यशाचे खरे धनी होत.

कायदाही या कामीं साह्य करूं शकतो. १९९३ च्या महाराष्ट्रांतील भूजल कायद्यानें सार्वजनिक पेयजलाच्या उगमापासून ५०० मीटरच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर खणण्यास बंदी घातली. पुढें अधिक व्यापक कायदा झाला. पण प्रत्येक विहिरीजवळ सरकारी पहारेकरी कसा उभा राहणार? तो पहारा गांवानेंच केला पाहिजे.

पाणी पुरेसें असून भागत नाहीं; तें शुद्धही हवें. विहिरीस उंच कठडा असावा, भोंवतीं पक्का ओटा असावा, सांडपाणी दूर नेणारी मोरी असावी. उकिरडा, गोठा व शौचकूप विहिरीपासून दूर असावेत. धुणीं व गुरांच्या आंघोळी कांठावर होऊं नयेत.

विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत एवढें करा. आपल्या गांवचा नकाशा काढा. त्यांत विहिरी, आड, झरे, उकिरडे व गटारें दाखवा. दर आठवड्यास दोरीला दगड बांधून सार्वजनिक विहिरीचें पाणी किती खोल आहे तें मोजा व वहींत टिपून ठेवा. मात्र हें काम वडील माणसांस बरोबर घेऊनच करावें. आणि पालकहो, ती वही ग्रामसभेपुढें ठेवण्याचें आपण मनावर घ्यावें. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? आडांत किती आहे, हें वेळींच पाहणारें गांव तहानेलें राहणार नाहीं, असा आमचा विश्वास आहे.