मत्स्यखाद्यात किड्यांची भुकटी : पोत्यावरच्या आकड्याला भुलू नका

मत्स्यशेतीत निम्म्याहून अधिक खर्च बहुधा खाद्यावरच होतो, हे कोळंबी व मासे पाळणारे आणि त्यांना खाद्य विकणारे आमचे व्यापारी बंधू जाणतातच. खाद्यातील महाग घटक म्हणजे फिशमील, अर्थात वाळवलेल्या मासळीची भुकटी. तिचा सर्वांत मोठा पुरवठादार पेरू देश. २०२३ मध्ये समुद्र तापल्याने पेरूने अँकोव्ही मासळीचा पहिला हंगाम रद्द केला आणि जगभर भाव चढले. शिवाय लहान मासळी अशीच उपसत राहिलो तर मोठी मासळी कशावर जगणार? म्हणून किड्यांच्या भुकटीकडे लक्ष वळले आहे.

यात 'ब्लॅक सोल्जर फ्लाय' या माशीच्या अळ्या प्रमुख. भाजीपाल्याचा कचरा, कोंडा खाऊन त्या सुमारे दोन आठवड्यांत वाढतात. त्या वाळवून, तेल काढून दळतात. युरोपीय संघाने जुलै २०१७ पासून सात जातींच्या किड्यांची भुकटी मत्स्यखाद्यात वापरण्यास परवानगी दिली.

आता मुद्द्याची गोष्ट. प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून, त्याला ६.२५ ने गुणून प्रथिनांचा आकडा काढतात. पण अळीच्या कातडीत कायटिन असते. कोळंबीच्या सालीत असते तेच. त्यातही नायट्रोजन असतो, मात्र ते प्रथिन नव्हे. म्हणून २०१७ मध्ये हॉलंडच्या संशोधकांनी अळ्यांसाठी ४.७६ हा गुणक सुचविला. म्हणजे पोत्यावर ५० टक्के प्रथिने लिहिली असतील, तर खरी सुमारे ३८ टक्केच! किंमत मात्र आपण ५० टक्क्यांची मोजतो.

आहे ते तरी माशाच्या अंगी लागावे, यासाठी खाद्यात पाचक एन्झाइम मिसळतात. मटण मऊ व्हावे म्हणून कच्ची पपई लावतात. तेथे पपईतले प्रथिन फोडणारे एन्झाइमच काम करते. अशा एन्झाइमला प्रोटिएज म्हणतात. कायटिनेज कायटिन फोडते. फायटेज सोयाबीन पेंडीत अडकलेला फॉस्फरस मोकळा करते. एरवी तो तळ्यात जाऊन शेवाळ माजवतो. मात्र दाणे पाडण्याच्या यंत्रातील उष्णतेने बरीच एन्झाइम निकामी होतात. म्हणून दाणे निवल्यावर ती तेलासोबत फवारतात. एन्झाइम केव्हा घातले, हे विक्रेत्याला जरूर विचारावे.

फिशमील पूर्ण बंद करणे आम्हांस योग्य वाटत नाही. समुद्री मासळीच्या तेलातील ओमेगा-३ या अळ्यांत जवळजवळ नसते. धंद्यातही जोखीम आहे. फ्रान्सच्या 'इन्सेक्ट' या मोठ्या कंपनीला २०२४ मध्ये न्यायालयाचे संरक्षण मागावे लागले. तेव्हा भांडवल जपून घालावे.

अळ्या कशावर वाढवल्या, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. युरोपात शेण-विष्ठेवर व हॉटेलच्या खरकट्यावर त्या वाढवण्यास मनाई आहे. हलाल-हरामचा मसला आलिमांना विचारावा. तो आमचा अधिकार नव्हे.

शेवटी आमचा सल्ला असा : आधी एका लहान तळ्यात नवे खाद्य आणि तेवढ्याच दुसऱ्या तळ्यात नेहमीचे खाद्य वापरून पाहावे. दोन्हीकडे बीज सारखे सोडावे, घातलेले खाद्य व मासळीची वाढ वहीत लिहावी. १०० किलो वाढीला १५० किलो खाद्य लागले की १८०, यावरून नफा ठरतो. पोत्यावरचा आकडा विक्रेत्याचा असतो, वहीतला आपला.