विश्लेषण : मोडका पियानो, गाजलेली मैफल... सर्जनशील कामात अनिश्चितता का उपयोगी पडते?

हवी ती साधने मिळाली आणि सगळे ठरल्याप्रमाणे पार पडले की काम चांगले होते, असा आपला समज असतो. पण जगभर गाजलेल्या एका संगीत मैफलीत यातले काहीच जुळून आले नव्हते. गणित आणि संगणकशास्त्रातही मुद्दाम थोडी अनिश्चितता घालण्याची पद्धत आहे. असे का?

कोलोनमध्ये काय घडले?

२४ जानेवारी १९७५. पश्चिम जर्मनीतील कोलोन शहराच्या ऑपेरा हाउसमध्ये अमेरिकी जॅझ पियानोवादक कीथ जॅरेट यांची एकल मैफल होती. आयोजक व्हेरा ब्रांडेस अवघ्या १८ वर्षांच्या. त्याच संध्याकाळी तिथे ऑपेराचा प्रयोग असल्याने मैफलीला वेळ मिळाली रात्री साडेअकराची. तरीही सभागृह भरले.

जॅरेट यांनी ब्योझेनडॉर्फर कंपनीचा मोठा कॉन्सर्ट पियानो मागितला होता. मंचावर होता तो तालमीला वापरला जाणारा छोटा पियानो. वरच्या पट्ट्या पत्र्यासारख्या वाजत होत्या, खर्जात दम नव्हता, पेडल नीट चालत नव्हते. मोटारीने लांबचा प्रवास करून आलेल्या जॅरेट यांची पाठ दुखत होती. त्यांनी वाजवायला नकार दिला. ब्रांडेस यांनी विनवण्या केल्या, ट्यूनरने शक्य तेवढा पियानो सुरात आणला आणि जॅरेट अखेर तयार झाले. ध्वनिमुद्रणाची यंत्रणा लावलेली होतीच.

त्यांनी वाजवलेले काहीही आधी लिहिलेले नव्हते. प्रेक्षकांना आत बोलावणाऱ्या ऑपेरा हाउसच्या घंटेची धूनच त्यांनी पहिल्या काही सुरांत उचलली. वरच्या पट्ट्या कर्कश, म्हणून ते बराच काळ मधल्या पट्ट्यांत राहिले. खर्ज कमजोर, म्हणून डाव्या हाताने त्याच त्या आकृती पुन्हा पुन्हा, जोर लावून वाजवल्या. श्रोत्याला गुंगवून टाकणारी ती आवर्तने हीच या मैफलीची ओळख ठरली. ‘द कोलोन कॉन्सर्ट’ हा अल्बम त्याच वर्षी आला आणि एकल पियानोच्या सर्वाधिक खपाच्या अल्बममध्ये जाऊन बसला. ब्रांडेस यांच्या या धडपडीवरचा ‘कोलोन ७५’ हा चित्रपट २०२५ मध्ये बर्लिन महोत्सवात दाखवला गेला.

मग पियानो मोडकाच हवा का?

तसे नाही. ही गोष्ट प्रेरणादायी भाषणांत इतकी सांगितली जाते की त्यातला अर्धा भाग गळूनच जातो. जॅरेट तेव्हा २९ वर्षांचे होते, पण लहानपणापासून पियानो शिकलेले, माइल्स डेव्हिस यांच्या चमूत वाजवलेले. पूर्णपणे उत्स्फूर्त अशा एकल मैफली ते त्याआधीपासून करत होते. बिघडलेल्या पियानोने त्यांच्याकडून फक्त सवयीच्या वाटा काढून घेतल्या. नवशिक्याला त्याच पियानोवर बसवले असते, तर प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

याचे गणित काय?

इंजिनीअरिंगच्या अभ्यासक्रमात ‘सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग’ नावाची पद्धत शिकवतात. नाव जड असले तरी कल्पना सोपी आहे. समजा दाट धुक्यात तुम्हाला कळसूबाईचे शिखर गाठायचे आहे आणि दिसते फक्त पुढचे पाऊल. ‘प्रत्येक पाऊल वरच टाकायचे’ असा नियम केला, तर वाटेतल्या पहिल्या टेकाडावर पोहोचून तुम्ही अडकाल. तिथून कुठेही गेले तरी उतारच आहे, म्हणजे हेच शिखर, असे वाटेल. बाहेर पडायचे तर काही वेळा मुद्दाम खाली उतरावे लागते.

संगणकाला ही मुभा दिली जाते. सुरुवातीला तो वाईट वाटणारी पावलेही बऱ्याचदा स्वीकारतो, नंतर हे प्रमाण हळूहळू कमी केले जाते. तापवलेला धातू सावकाश थंड करण्याच्या प्रक्रियेवरून हे नाव आले. आयबीएमच्या तीन संशोधकांनी १९८३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात ही पद्धत मांडली. इथे ‘हळूहळू कमी’ हे शब्द महत्त्वाचे. शेवटपर्यंत उड्या मारत राहणाराही शिखरावर पोहोचत नाही.

कलाकार हे मुद्दाम करतात का?

करतात. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी १९७५ मध्येच ‘ऑब्लिक स्ट्रॅटेजीज’ हा पत्त्यांचा संच काढला. काम अडले की एक पत्ता ओढायचा आणि त्यावरची विचित्र सूचना पाळायची. डेव्हिड बोवी यांच्या १९७९ मधील ‘लॉजर’ अल्बममधल्या ‘बॉइज कीप स्विंगिंग’ गाण्यासाठी तर वादकांना वाद्येच बदलायला लावली. गिटारवादक ड्रमवर, ड्रमवादक बासवर. गाण्याला हवा तो कच्चा, रांगडा बाज मिळाला. बास मात्र जमला नव्हता. तो निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी यांनी नंतर स्वतः पुन्हा वाजवला. फासे टाकल्यावर कोणते दान ठेवायचे, हे कुणीतरी ठरवावेच लागते.

आपल्याकडे असे काही?

तमाशाकडे पाहा. गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम ठरलेला. वगाची गोष्ट ठाऊक असलेली, गाणी बसवलेली. पण पारंपरिक वगात संवादांची संहिता नसे. समोरचे गाव, तिथली भांडणे, त्या दिवसाची बातमी पाहून सोंगाड्या बोलायचा आणि समोरच्या नटाने ते झेलायचे. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात दादा कोंडके रोजच्या घडामोडींवर ऐनवेळी कोट्या करत. प्रयोग एकच, पण आज काय ऐकायला मिळेल याची खात्री नाही, म्हणून लोक पुन्हा यायचे. सांगाडा पक्का असल्यामुळेच मधली जागा मोकळी सोडता येत होती.

आता हा विषय का महत्त्वाचा?

कारण मजकूर, चित्रे, चाली आता एआय बनवू लागले आहे. भाषेच्या मॉडेलमध्ये ‘टेम्परेचर’ नावाची एक कळ असते. ती शून्यावर ठेवली, तर यंत्र प्रत्येक वेळी सर्वाधिक संभाव्य शब्द निवडते. उत्तर नीटस येते आणि ओळखीचे वाटते. कळ फार वाढवली की बरळणे सुरू. रील्स, जाहिराती, लग्नपत्रिकांचे डिझाइन एकसारखे दिसू लागल्याची तक्रार होते, त्यामागे हेच. सगळेजण एकाच टेकाडावर जमले आहेत. अशा वेळी ‘सर्वाधिक संभाव्य’ एवढेच देणाऱ्या लेखकाची किंवा डिझायनरची जागा यंत्राला घेणे सोपे जाते.

याचा अर्थ क्लायंटने रात्री ११ वाजता ब्रीफ बदलणे ही सर्जनशीलतेला चालना आहे, असा मात्र लावू नये. तो निव्वळ ढिसाळपणा असतो आणि त्याची किंमत बहुधा सर्वात कमी पगाराचा माणूस मोजतो. कोलोनमध्येही रात्र वाचवण्यासाठी घाम गाळला तो १८ वर्षांच्या आयोजकाने आणि ट्यूनरने.

त्या मैफलीची स्वरलिपी छापायला जॅरेट बरीच वर्षे तयार नव्हते. एका रात्रीपुरते सुचलेले कागदावर पक्के करणे त्यांना मान्य नव्हते. अखेर १९९१ मध्ये ती प्रसिद्ध झाली, पण ध्वनिमुद्रण हेच अंतिम प्रमाण मानावे, या अटीवर. आज पियानोवादक ती पुस्तिका समोर ठेवून, उत्तम सुरात लावलेल्या पियानोवर, डाव्या हाताच्या त्याच आकृती जशाच्या तशा गिरवतात.