संगणकाचे दफ्तर आणि चावडीवाचन

२०२४ सालच्या १९ जुलैला, शुक्रवारी, क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष फाइलीने जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पाडले, विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हस्तलिखित बोर्डिंग पास आले, आणि त्यानंतर वर्तमानपत्रांनी या प्रकरणाचा इतका कीस पाडला की येथे त्याची पुनरुक्ती करण्याचे प्रयोजन नाही. त्या गदारोळात नंदुरबार जिल्ह्यातील चिंचपाड्याचे नाव कोठे आले नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते. नवापूर तालुक्यातले, सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे आणि मिशनच्या जुन्या दवाखान्यामुळे पंचक्रोशीस ठाऊक असलेले हे गाव अशा महागड्या संरक्षणाची चैन करणाऱ्यांपैकी नव्हे. येथला दाखले काढून देणारा संगणक त्या शुक्रवारी बंद पडलाच असेल, तर तो वीज गेल्यामुळे.

पावसाळ्यात या भागात वीज जाणे हा बातमीचा विषय नसतो. उताऱ्यासाठी, दाखल्यासाठी, मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी दाराशी माणसे ताटकळत असतात, यूपीएसची बॅटरी केव्हाच निकामी झालेली असते, आणि आभाळ गडगडले की पडद्यावरचा अर्धा भरलेला अर्ज क्षणात नाहीसा होतो. तासाभराने लाइट येते, संगणकचालक बटण दाबतो, आणि नेहमीच्या चित्राऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी ताकीद उमटते की अनपेक्षित विसंगती आढळली आहे, तपासणी स्वहस्ते चालवावी. घरात मावची, बाजारात गुजराती आणि कचेरीत मराठी बोलणाऱ्या या मुलखात ही चौथ्या भाषेतली ताकीद वाचण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. दुरुस्तीवाला तर ती वाचण्याआधीच निदान सांगून मोकळा होतो: ‘भाऊ, विंडोज उडाली, फॉरमॅट मारावी लागेल.’ यंत्रात विंडोज नसून लिनक्स असले तरी या निदानात फरक पडत नाही. ज्या जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातल्या पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले, आणि जेथे माणसाचे हक्क संगणकातील नोंदीवरून ठरू लागून एक तप उलटून गेले, तेथे हा सरसकट उपचार मला अत्यंत आक्षेपार्ह वाटतो. कारण पडद्यावरची ती ताकीद विनाशाची नसून चौकशीची असते, आणि चौकशी करणारा कार्यक्रम बहुधा त्याच यंत्रात हजर असतो.

बंद पडलेल्या यंत्राच्या डिस्कवर नेमके काय बिघडते, हे शहरातल्या सदनिकाधारकापेक्षा सातबारा सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला समजावणे सोपे, कारण तलाठ्याचे दफ्तर त्याच्या परिचयाचे असते. डिस्कवरची जागा ठरावीक आकाराच्या ब्लॉकांत विभागलेली असते, आणि कोणते ब्लॉक मोकळे, कोणते व्यापलेले, याची एक नोंद असते. प्रत्येक फाइलीचे स्वतंत्र खाते असते, ज्याला जाणकार आयनोड म्हणतात. तिचा आकार, तारखा, परवानग्या आणि तिच्या मालकीचे ब्लॉक हे सर्व त्या खात्यात असते, फक्त नाव नसते. नाव असते तिसऱ्याच वहीत, म्हणजे डिरेक्टरीत, जेथे अमुक नाव म्हणजे अमुक क्रमांकाचे खाते, एवढेच लिहिलेले असते. तुम्ही एक साधे पत्र साठविता तेव्हा या तिन्ही ठिकाणी फेरबदल करावे लागतात, ते एकामागून एक होतात, आणि वीज नेमकी दोहोंच्या मधे जाते. मग एकच ब्लॉक दोन खातेदारांच्या नावे निघतो, खाते असते पण त्याला नाव नसते, नाव असते पण खाते रिकामे असते, किंवा एखादी जागा व्यापलेली म्हणून नोंदलेली असूनही तिच्यावर कोणाचा हक्क आढळत नाही.

या वह्यांची परस्परांशी रुजवात घेणारा कार्यक्रम, ज्याला एफएससीके म्हणतात, बेल प्रयोगशाळेतील टी. जे. कोवाल्स्की यांनी १९७८ च्या सुमारास सिद्ध केला. त्यापूर्वी आयचेक, डीचेक अशी सुटी हत्यारे होती आणि ती कोणत्या क्रमाने चालवायची हे चालविणाऱ्याच्या अनुभवावर सोडलेले असे. आज लिनक्सच्या एक्स्ट-४ या फाइल सिस्टीमवर, म्हणजे डिस्कवरच्या अशा एका दफ्तर-मांडणीवर, त्याचा जो अवतार चालतो तो पाच फेऱ्यांत काम उरकतो, आणि त्या फेऱ्यांचा क्रम एखाद्या अनुभवी शिरस्तेदाराने लावावा तसा आहे. पहिल्या फेरीत तो प्रत्येक खाते उघडून त्याच्या ब्लॉकांची मोजदाद करतो, आणि एकाच ब्लॉकावर दोघांचा दावा आढळला तर त्याचा निवाडा तेथेच उपफेऱ्यांत लावतो. दुसऱ्या फेरीत डिरेक्टऱ्यांतील नावे तपासतो. तिसऱ्या फेरीत प्रत्येक डिरेक्टरीपासून मुळापर्यंत वाट पोचते की नाही हे पाहतो. चौथ्या फेरीत एका खात्याला किती नावे आहेत याचा आकडा जुळवितो. आणि पाचव्या फेरीत मोकळ्या-व्यापलेल्या जागेचा एकूण ताळेबंद, स्वतः मोजलेल्या आकड्यांवरून, पुन्हा लिहून काढतो. ज्या खात्याला कोणत्याही डिरेक्टरीत नाव सापडत नाही ते ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या बेवारस मालाच्या खोलीत जमा होते, आणि तेथे त्याची ओळख केवळ खाते क्रमांकाची उरते. या खोलीची तजवीज किती दूरदृष्टीने केली आहे पाहा: तिच्यासाठी लागणारी जागा फाइल सिस्टीम तयार करतानाच राखून ठेवतात, कारण जिच्या जागेचा हिशेबच संशयास्पद ठरला आहे अशा डिस्कवर ऐन दुरुस्तीच्या वेळी नवी जागा मागणे धोक्याचे.

सुपरब्लॉक, म्हणजे दफ्तराचे मुखपृष्ठच फाटले तर काय, याचाही विचार झालेला आहे. मार्शल कर्क मॅकक्युसिक व त्यांच्या बर्कलीच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या जलद फाइल सिस्टीममध्ये या मुखपृष्ठाच्या नकला डिस्कभर विखरून ठेविल्या, आणि तोच पायंडा लिनक्सने उचलला. चार किलोबाइटचे ब्लॉक असलेल्या एक्स्ट-४ डिस्कवर पहिली नक्कल ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकात सापडते. हा एक आकडा ठाऊक असलेला मनुष्य कित्येक ‘मेलेल्या’ डिस्का पुन्हा उघडू शकतो, आणि तो ठाऊक नसलेला मनुष्य फॉरमॅट मारतो.

या संपूर्ण तपासणीचा दोष एवढाच की ती वेळ खाते. डिस्क वाढल्या तशी ती तासांवर गेली, आणि बँकेच्या किंवा दूरसंचाराच्या यंत्राला सकाळभर थांबणे शक्य नव्हते. त्यावर निघालेली युक्ती महसूल खात्याच्या वहिवाटीशी अशी काही जुळते की मला तिचे नेहमी कौतुक वाटत आले आहे. जमिनीचा खरेदी-वारसाचा व्यवहार तलाठी थेट सातबाऱ्यावर चढवीत नाही. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे तो प्रथम फेरफाराच्या नोंदवहीत, गाव नमुना ६ मध्ये लिहितो, हितसंबंधीयांना नोटीस देतो, हरकतीसाठी १५ दिवस थांबतो, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच तिचा अंमल सातबाऱ्याला देतो. जर्नल ठेवणारी फाइल सिस्टीम नेमके हेच करते, फक्त १५ दिवसांच्या जागी सेकंद असतात: होऊ घातलेले सर्व बदल आधी जर्नलमध्ये लिहायचे, शेवटी प्रमाणनाचा शिक्का उठवायचा, आणि मगच ते मूळ जागी न्यायचे. वीज जाऊन आल्यावर मग सारे दफ्तर चाळावे लागत नाही. शिक्का असलेल्या नोंदींचा अंमल पुन्हा द्यायचा, शिक्का नसलेल्या सोडून द्यायच्या, की काही क्षणांत यंत्र कामाला लागते.

ही पद्धत व्यापारी युनिक्सवर रुळविणाऱ्यांत व्हेरिटासचे नाव अग्रभागी येते, आणि या कंपनीचे मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात होते, त्यामुळे संगणकाच्या या बिनबोभाट कामात मराठी मुलखाचा थोडाफार वाटा आहे असे म्हणता येते. आपल्याकडे माहिती-तंत्रज्ञानाची चर्चा पगार आणि वाहतुकीच्या कोंडीपलीकडे जात नाही म्हणून तो कोणाच्या लक्षात येत नाही. सामान्यांच्या लिनक्सला ही सोय एक्स्ट-३ च्या रूपाने नोव्हेंबर २००१ मध्ये मिळाली.

परंतु फेरफाराच्या वहीत शेताची मालकी येते, शेतात उभे असलेले पीक येत नाही; त्याची पीकपाहणी निराळी. बहुतेक फाइल सिस्टीमांचे जर्नलही असेच आहे. खाती, नावे आणि जागेचे हिशेब त्यात लिहिले जातात, फाइलीतला प्रत्यक्ष मजकूर लिहिला जात नाही. हा भेद केवढा महाग पडू शकतो हे २००९ च्या आरंभी दिसले. एक्स्ट-४ डिसेंबर २००८ मध्ये स्थिर म्हणून जाहीर झाली होती, आणि तिच्यात वेग साधण्यासाठी मजकुराला जागा देण्याचे काम शक्य तितके लांबणीवर टाकण्याची योजना होती. उबुंटूच्या येऊ घातलेल्या आवृत्तीची चाचणी घेणाऱ्यांना असे आढळले की यंत्र अचानक बंद पडल्यावर त्यांच्या पसंतीच्या मांडणीच्या फाइली जागच्या जागी आहेत, नावे शाबूत आहेत, खाती बिनचूक आहेत, आणि आत एक अक्षरही नाही. तपासणीच्या कार्यक्रमाला त्यात काहीही वावगे दिसेना. शून्य लांबीची फाइल हा त्याच्या लेखी गुन्हा नव्हे.

या फाइल सिस्टीमचा आणि तिच्या तपासनीस कार्यक्रमाचाही प्रमुख सांभाळकर्ता थिओडोर त्सो. कायदा त्याच्या बाजूचा होता. मजकूर डिस्कवर पोचल्याची खात्री हवी असेल तर कार्यक्रम लिहिणाऱ्याने तशी स्पष्ट मागणी केली पाहिजे, हे प्रमाणग्रंथात नमूद आहे, आणि ती न करता जुनी फाइल रिकामी करून तिच्यावर नवी लिहिणारे कार्यक्रम दर पाच सेकंदांनी बदल डिस्कवर उतरविण्याच्या एक्स्ट-३ च्या सवयीमुळे केवळ तरून जात होते. हे त्याने विस्ताराने सांगितले. लोक अर्थातच चिडले. येथे आडमुठा तज्ज्ञ प्रमाणग्रंथावर बोट ठेवून स्वस्थ बसला असता. त्सोने आपला मुद्दा सोडला नाही, परंतु फाइल रिकामी करून पुन्हा लिहिणे आणि नवी लिहून जुनीच्या नावावर चढविणे, या दोन नेहमीच्या प्रकारांत मजकूर ताबडतोब डिस्कवर जावा अशी दुरुस्ती स्वतः लिहून दिली. कायदा आपल्या बाजूचा असतानाही पक्षकाराची अडचण ओळखणारा असा अधिकारी आमच्या कचेऱ्यांत जितका दुर्मिळ तितकाच संगणकशास्त्रातही.

आता मूळ मुद्दा. रुजवात म्हणजे सत्य नव्हे. दफ्तरातल्या सर्व वह्या परस्परांशी जुळल्या म्हणजे दफ्तर सुसंगत ठरते; खरे ठरत नाही. सातबारा संगणकावर चढविताना झालेल्या चुका शोधण्यासाठी सरकारला २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगावी चावडीवाचन घ्यावे लागले ते याच कारणाने: संगणकीकृत उतारा मोठ्याने वाचायचा, आणि ज्याची जमीन त्याने ‘हे माझे क्षेत्र नव्हे’ असे उठून सांगायचे. फाइल सिस्टीमला चावडी नसते. क्राउडस्ट्राइकची ती कुप्रसिद्ध फाइल डिस्कवर अगदी व्यवस्थित होती; तिचे नाव, खाते, ब्लॉक यांत तिळमात्र गफलत नव्हती, आणि कोणत्याही तपासणी कार्यक्रमाने त्या ८५ लाख यंत्रांना निर्दोषत्वाचा दाखला दिला असता. भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९.३९ ला ती बाहेर पडली आणि १०.५७ ला मागे घेतली गेली, तरी अगणित यंत्रांपाशी माणूस बसवून, सेफ मोडमध्ये जाऊन, ती हाताने पुसावी लागली.

म्हणून दुरुस्तीच्या कार्यक्रमाला प्रत्येक प्रश्नावर ‘हो’ म्हणण्याचा सरसकट मुखत्यारनामा देणारे जे एक अक्षर आज्ञेला जोडता येते, त्याचा वापर मला फॉरमॅटच्या खालोखाल निषेधार्ह वाटतो. कार्यक्रम विचारतो ते वह्या जुळविण्यासाठी, आणि वही जुळविण्याचा सोपा मार्ग न जुळणारी नोंद खोडणे हाच असतो. शहाण्या माणसाने आधी डिस्कची हुबेहूब नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, मग काहीही न लिहिता केवळ अहवाल देणारी तपासणी चालवावी, आणि दुरुस्ती त्यानंतर, शक्यतो नकलेवर. डिस्कमधून टिकटिक ऐकू येत असेल तर बिघाड वहीचा नसून कागदाचाच आहे, आणि तेथे तपासणीचा प्रत्येक फेरा तिचे आयुष्य कमी करतो. चिंचपाड्याच्या संगणकचालकाला नकलेसाठी ही दुसरी डिस्क आणि यूपीएसची चालू बॅटरी मिळाली तर निम्मे काम होते, आणि ती मागण्यासाठी त्याला कोणाच्याही भाषणाची गरज नाही.

बेवारस खोलीवर मात्र त्याच जुलै महिन्यात नवा उतारा निघाला. १४ जुलैला बाहेर आलेल्या लिनक्सच्या ६.१० आवृत्तीत एक्सएफएस या फाइल सिस्टीमला अशी सोय झाली की प्रत्येक खात्यात आपली डिरेक्टरी कोणती आणि तेथे आपले नाव काय हेही लिहून ठेवता येते. डिरेक्टरीची वही गेली तरी खात्यांवरून ती पुन्हा लिहिता येते, आणि डॅरिक वाँग यांनी वर्षानुवर्षे खपून उभारलेली तपासणी, यंत्र चालू असतानाच, हे करू शकते. तेव्हा तिच्यावर प्रायोगिक असा शिक्का होता. एक्स्ट-४ वाल्यांना मात्र ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये क्रमांकांनी पडलेल्या फाइली एकेक उघडून, आतला मजकूर वाचून, कोणाचा उतारा आणि कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज हे ओळखावे लागेल, आणि ओळख पटेल तसे त्यांना पुन्हा नाव द्यावे लागेल.