बेसबॉलमध्ये ५.२ म्हणजे किती? आणि धाव नेमकी कुणाच्या खात्यात?
मेजर लीग बेसबॉलच्या स्कोअरकार्डवर पिचरपुढे ५.२ इनिंग दिसल्या, तर कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. क्रिकेटमधल्या ५.२ षटकांसारखाच हा मामला. एका इनिंगमध्ये ३ बाद. म्हणजे पाच पूर्ण इनिंग आणि वर दोन बाद. आणखी एक बाद, की थेट ६.०.

खरी मेख पिचर बदलताना आहे. पहिल्याने बेसवर सोडलेला खेळाडू दुसऱ्याच्या चेंडूवर घरी पोहोचला, तरी धाव पहिल्याच्याच नावावर लागते. तो बिचारा तेव्हा बाकावर बसलेला असतो! दुसऱ्याचा ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षणातील चुकांच्या धावा वगळून दर ९ इनिंगमागे दिलेल्या धावा, मात्र तसाच राहतो. म्हणून मधेच येणाऱ्या पिचरला नुसत्या ईआरएवर जोखू नका. आणि एकही बाद न करता स्वतःच्या ईआरएमध्ये मोजली जाणारी धाव दिली तर? शून्याने भागाकार, ईआरए अनंत.