तीन दिवसांचं कोकण

तीनच दिवस हाताशी असतील, तर अख्खं कोकण पालथं घालायचा हट्ट सोडा; एक दापोली तालुका पुरे. पुण्याहून पहाटे निघा. ताम्हिणी घाटाने माणगाव, पुढे मंडणगडमार्गे दापोली. घाटातल्या वळणांवर वेळ जातो, म्हणून अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा.

दुसऱ्या दिवशी गाडी थोडीच चालवा. सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, संध्याकाळी हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतोच. घरगुती खानावळीत जेवणाचं आधी सांगून ठेवा. गुहागर पाहायचंच असेल, तर दाभोळला गाडी फेरीबोटीवर चढवून धोपाव्याला उतरा. चिपळूणचा वळसा वाचतो.

तिसऱ्या दिवशी न्याहारी करून परतीला लागा. राहिलेली ठिकाणं पुढच्या खेपेला ठेवा.