उतारवयातलं कुत्रं : भाग ६ – रिपोर्टमधला लाल आकडा

मूत्रपिंडांचं मागच्या आठवड्यात झालं. आज यकृत, म्हणजे आपलं लिव्हर.

दहा-अकरा वर्षांच्या कुत्र्याचं रक्त तपासलं की अनेकदा एएलपी या एन्झाइमचा आकडा वाढलेला निघतो. घरचे हादरतात आणि संध्याकाळपर्यंत लिव्हर टॉनिकची बाटली घरात येते. बाटलीने सहसा अपाय होत नाही. पण आकडा का वाढला, हे विचारायचं तिच्यामुळे राहून जातं, हे वाईट.

एएलपी वाढला म्हणजे यकृत बिघडलंच असं नाही. स्टेरॉइडमुळे तयार होणारा या एन्झाइमचा एक प्रकार कुत्र्यांत असतो. माणसांत किंवा मांजरांत तो नसतो. त्यामुळे खाजेसाठी चालू असलेली प्रेडनिसोलोनची गोळी, अगदी कानात घालायचे स्टेरॉइडचे थेंबसुद्धा हा आकडा चढवू शकतात. फिट्सवरचं फेनोबार्बिटोनही चढवतं. असं कुठलंच औषध चालू नाही, पण पोट सुटलंय, केस विरळ झालेत, पाण्याचं भांडं सारखं रिकामं होतंय? मग कुशिंग्ज या आजाराची तपासणी हवी, कारण त्यात शरीर स्वतःच जादा कॉर्टिसोल बनवतं. म्हातारपणी यकृतात निरुपद्रवी गाठीही होतात. सोनोग्राफीत त्या दिसल्या की लोक थेट कॅन्सरच धरून चालतात!

एएलटी या दुसऱ्या एन्झाइमचं वेगळं. यकृताच्या पेशींना इजा झाली की तो रक्तात उतरतो. पण यकृत काम किती करतंय, हे दोन्ही आकडे सांगत नाहीत. त्यासाठी अल्ब्युमिन, बिलिरुबिन, ग्लुकोज पाहावे लागतात आणि शंका असेल तर पित्ताम्लांची चाचणी करतात : एकदा उपाशीपोटी, एकदा जेवणानंतर दोन तासांनी.

‘लिव्हर आहे ना, मग अंडी-चिकन बंद, नुसता दहीभात’ हा सल्ला मला मुळीच मान्य नाही. यकृताला डागडुजीसाठी प्रथिनंच लागतात आणि म्हाताऱ्या कुत्र्याचे स्नायू आधीच झडत असतात. प्रथिनांतून तयार होणारा अमोनिया मेंदूपर्यंत पोचून कुत्रं भिंतीला डोकं टेकवून उभं राहू लागलं, गोल गोल फिरू लागलं, तर डॉक्टर प्रथिनं बेताची करतात. तेव्हाही बंद करत नाहीत.

घरातलं पॅरासिटामॉल कुत्र्याला देऊ नका. शुगरफ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल यकृत निकामी करू शकतं. पावसाळ्यात उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो होतो, तोही यकृतावर आणि मूत्रपिंडांवर घाव घालतो. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते.

हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, लघवी गडद केशरी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, थेंब, मलमं पिशवीत घालून न्या.